टाकीखालची वांगी

९ जून १९९१

डेपोतल्या मंडळींनी निरोपाला टॉवेल, टोपी, नारळ आणि ही डायरी दिली. सारी नोकरी एसटी चालवण्यात गेली. रोज लॉगशीट भरायचो, त्यामुळे लिहायचा हात आहे. मनातलं लिहायला मात्र लॉगशीटवर रकाना नसतो. इथे पान मोकळं आहे, तर लिहून बघतो.

सकाळी नेहमीसारखा पाचला उठलो. कुठे जायचं नव्हतं. बायको, म्हणजे आमच्या लताची आई, शेतावर गेल्यावर स्वयंपाकघरातली फळी पाहिली. डब्यांना काही क्रम नाही. हळदीशेजारी चहा, चहामागे शेंगदाणे. मी सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, मोठे मागे, लहान पुढे. आता एका नजरेत दिसतात.

संध्याकाळी ती मोहरी शोधत बराच वेळ उभी होती. काही बोलली नाही. आवडलं असावं.

१४ जून

आज तिला सांगितलं की चुलीशी बसण्याआधी पाणी, पीठ, मीठ जवळ घेतलं तर किती फेऱ्या वाचतील. तिने ऐकून घेतलं.

मग भाकरी वाढताना म्हणाली, "तुमी घरी बसून कंटायले असाल. आमच्या महिला मंडळानं टाकीखाली भरताची वांगी लावाचं ठरोलं हाये. बठ्ठ्या बायाच. एखादा जानता पुरुषमानूस लागते लक्ष ठेवाले."

मी आधी नाही म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, सुंदरबाईंनीही माझंच नाव घेतलं. सुंदरबाई म्हणजे केळीचे व्यापारी रुपचंद यांच्या आई, गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. मग नाही म्हणणं बरं दिसेना.

चौकात कळलं की सुंदरबाईंचे यजमान नोकरीतून घरी आले होते, तेव्हा त्यांनाही असंच मारुतीच्या ओट्याच्या बांधकामावर लक्ष ठेवायला पाठवलं होतं. गावात जाणत्या माणसांची फार उणीव आहे.

१७ जून

जागा पाहिली. पाण्याच्या टाकीच्या मागे, शाळेच्या कुंपणाला लागून. टाकी भरली की वरून पाणी सांडतं आणि सगळा चिखल होतो. डुकरं लोळतात, प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या बाटल्या. नाकाला धोतराचा सोगा लावून लोक जातात. बायांचं म्हणणं, हे वाया जाणारं पाणी सरीत वळवायचं. आधीचे सरपंच तोंडी म्हणाले होते, घ्या आणि करा काय करायचं ते. तेवढ्यावर या कामाला लागल्या आहेत.

घमेली, टिकाव घेऊन सगळ्या आल्या होत्या. लताची आई अध्यक्ष आहे हे मला आजच कळलं. तिला विचारलं, कधीपासून? म्हणाली, "झाले चार वर्सं. तुमाले सांगतलं व्हतं. तुमी तवा शिरपूर मुक्कामी व्हते."

८ जुलै

वाफ्यात रोप टाकलं. बी सुंदरबाईंनी राखलेलं, गेल्या हंगामातल्या सर्वांत थोराड वांग्याचं. मी बाजेवर बसून शेळ्या हाकलतो. शेळ्यांना माझा धाक बसला आहे.

या कामाला मी नको होतो, असं एकदा वाटून गेलं. पण दुपारी सगळ्या घरी जातात, तेव्हा कोणीतरी हवंच.

४ ऑगस्ट

आज रोपांची लागण झाली. मी प्रत्येक सरीला नंबर दिला, खुंटीवर तेलरंगाने. एक ते अठरा. पाणी कोणत्या सरीला किती वाजता जाईल याचं वेळापत्रक करून टाकीच्या खांबाला लावलं. सकाळी सहा दहाला सरी नंबर एक, सहा पंचवीसला नंबर दोन.

भागाबाई नावाची तरणी सून आहे, नरडाण्याकडची. तिची बोली अजून तिकडचीच. तिने ते सगळं वाचलं आणि म्हणाली, "आबा, हाई वांगं शे, एसटी नही."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. वेळापत्रक राहू दिलं आहे.

१० ऑगस्ट

सात-साडेसात वाजले तरी पहिलीच सरी भरत नाही. टाकी कधी भरते ते मोटारवाल्याच्या लहरीवर. खांबावरचा कागद मीच काढून आणला.

१८ ऑगस्ट

गावात कानबाईदेवी बसली. दरवर्षी या रविवारी मी ड्यूटीवर असायचो. सणाच्या गर्दीला जादा गाड्या सोडतात, त्यामुळे रजा मिळत नसे. प्रसादाच्या रोटाचा घास डब्यात बांधलेला मिळायचा, तेवढीच माझी कानबाई.

आज घरीच होतो. शेजारच्या अंगणात बाया गाणी म्हणायला बसल्या. एकीने गाणं उचललं, आवाज भरदार, जरा जाड, पण वर जाताना कुठेही न तुटणारा. बाकीच्या मागून म्हणत होत्या. मी ओट्यावरून ऐकत होतो. कोणाचा आवाज असेल म्हणून वाकून पाहिलं, तर लताची आई.

घरी आल्यावर विचारलं, तू कधी शिकलीस? तिला प्रश्नच कळला नाही. "कानबाईचं गानं कोनी शिकते का?" म्हणाली.

७ सप्टेंबर

शेंडे माना टाकायला लागले. सकाळी ताजे दिसतात, दुपारी लोळतात. शेंडा मोडून पाहिला की आत पांढरी अळी. भागाबाई रडायच्या घाईला आली. लताच्या आईने कोणाला रडू दिलं नाही. सगळ्यांना एकेक सरी वाटून दिली आणि रोज सुकलेले शेंडे खुडून जाळायचं ठरवलं. निंबोळ्या कुटून फडक्यात बांधून भिजत घातल्या आहेत. घरभर कडू वास.

सरी वाटताना ती म्हणाली, "भागाबाई सहा नंबर, सुंदरबाई सात नंबर." नंबर माझे. बरं वाटलं.

उद्या पोळा.

२२ सप्टेंबर

अळी हटली. तीन-चार सऱ्या विरळ झाल्या, बाकी झाडं उभी आहेत. फुलं आली, जांभळी. सुंदरबाई माझ्या बाजेवर येऊन बसतात आणि मला एसटीचे किस्से विचारतात. चोपड्याजवळ पुराच्या पाण्यात गाडी कशी थांबवली ते आज तिसऱ्यांदा ऐकलं त्यांनी. ऐकता ऐकता त्यांनी मला घेवड्याच्या शेंगा निवडायला दिल्या. बोलण्याच्या नादात पाटी कधी निवडून झाली कळलंच नाही.

२ ऑक्टोबर

आज मान मिळाला. रुपचंदभाऊंनी हॉटेलात बोलावून चहा-भजी दिली. "भाऊ, तुमच्यासारखा अनुभवी मानूस पूर्ण तालुक्यात नई," म्हणाले. त्यांना गावात केळी भरायचं शेड टाकायचं आहे. दिल्लीकडचे ट्रक इथेच येतील. कोणता ट्रक कधी लागला, कधी सुटला, ड्रायव्हर कोण, हे बघायला त्यांना माझ्यासारखा माणूस पाहिजे. टेबल-खुर्ची मिळेल. व्यवस्थापक म्हणाले.

पुन्हा गाड्यांचा आवाज. मला रात्रीपर्यंत हसू आवरत नव्हतं.

चहा पिताना त्यांनी बागेची सहज चौकशी केली. चांगली चालली म्हणालो. जागा मंडळाच्या नावावर झाली का, असं विचारलं. मी म्हणालो नाही, आधीच्या सरपंचांचा तोंडी शब्द आहे, कागद काही नाही. त्यांनी आणखी एक प्लेट भजी मागवली. मोठा माणूस असूनही बायांच्या कामाची किती आस्था.

६ ऑक्टोबर

लताची आई दोन दिवस कमी बोलते आहे. ऑक्टोबरचं ऊन बाधलं असेल. परवा सुंदरबाई मुद्दाम घरी येऊन तिच्याशी मागच्या दारी बोलत बसल्या, तेव्हापासून. मी कांद्याचं सरबत करून दिलं. ती ते पूर्ण प्यायली आणि माझ्याकडे बघत राहिली. "गोड झालं का?" मी विचारलं. म्हणाली, "कांद्याचं सरबत कधी कोनी करते का?"

पण हसली.

१९ ऑक्टोबर

पहिली तोडणी. हिरवी, वर पांढुरके पट्टे, बाळाच्या डोक्याएवढी. पहिली पाटी अंगणवाडीत गेली. दुसरी कोणाकडे न्यायची यावर चर्चा झाली नाही. लताची आई म्हणाली, ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे त्यांच्याकडे. तिला सगळी घरं पाठ होती. कोणाचा पाय मोडला, कोणाची सून बाळंतीण, कोणाचा म्हातारा जेवत नाही. मला माझ्या गल्लीतली नावंसुद्धा नीट येत नाहीत. यावल ते धुळे सगळे थांबे येतात.

१२ नोव्हेंबर

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. येत्या ग्रामसभेत टाकीमागची जागा केळी भरण्याच्या शेडसाठी भाड्याने देण्याचा विषय. कारण लिहिलं आहे, सदर जागेवर कोणाचाही लेखी हक्क नाही.

मी फळ्यापुढे उभा राहून ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. माझंच वाक्य होतं ते, फक्त सरकारी भाषेत. शेड कुठे टाकायचं हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.

घरी आलो. ती तांदूळ निवडत होती. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनेच सांगितलं, "मले मालूम हाये. सुंदरबाईनं तवाच सांगतलं. रुपचंद घरी फुशारकी मारत व्हता."

"मग तू मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमी सांगतलं ते खरंच व्हतं. कागद नई म्हंजे नई." तिने सूप खाली ठेवलं. "आन त्या दिवशी तुमी किती खुशीत व्हते. रिटायर झाल्यापासून पैल्यांदा."

मी सूप माझ्याकडे ओढून उरलेले तांदूळ निवडायला घेतले.

१४ नोव्हेंबर

दोन दिवस बागेत गेलो नाही. तोंड कसं दाखवू? आज भागाबाई दारात आली. "आबा, शेया सात नंबरमां घुसन्यात. बाजंवर कोनी नही. तुम्ही येतस का मी जाऊ?"

गेलो. सुंदरबाईंनी बाजेवर जागा दिली आणि म्हणाल्या, "माह्याच पोटचा हाये तो. मी तोंड दाखोते ना गावाले? तुमी कशाले लपता?"

१८ नोव्हेंबर

आज मीच विषय काढला. लताच्या आईला म्हणालो, ती नोकरी मी घेत नाही.

ती म्हणाली, "घाई करू नका. तुमाले गाड्यायजवळ बरं वाटते, मले दिसते ते. नोकरी पाह्यजे असंन तं घ्या, मी मनात धरनार नई. पन सभेत मी बोलनार. ते तुमी मनात धरू नका."

असं कोणी कधी माझ्याशी बोललं नव्हतं. डेपोत मेमो मिळायचा किंवा शाबासकी.

संध्याकाळी टाकीकडे गेलो तेव्हा शाळा सुटली होती. पोरं फाटकातून एकदम बाहेर पडतात, पाण्यासारखी. मी त्या वळणावर उभा राहिलो. भरलेला ट्रक इथे वळणार नाही. रिव्हर्स घ्यावा लागेल, शाळेच्या फाटकाकडे पाठ करून. आरशात कुंपण दिसेल. कुंपणाखालचं पोरगं दिसणार नाही.

हे मला खूप आधी दिसायला हवं होतं. मी टेबल-खुर्चीकडे बघत होतो.

२४ नोव्हेंबर

ग्रामसभा झाली. सविस्तर लिहितो.

चावडीपुढे सतरंजी टाकली होती. सरपंच जीवरामनाना, ग्रामसेवक, पुढे रुपचंदभाऊ. बाया सभेला येत नाहीत, मागच्या भिंतीआडून ऐकतात. आज भागाबाईने म्हटल्याप्रमाणे झालं. ती सकाळपासून दारोदार सांगत होती, "आम्ही बठ्ठ्या येसूत." बठ्ठ्या आल्या आणि सतरंजीवर बसल्या. काही पुरुषांना उठून कडेला उभं राहावं लागलं.

विषय वाचला गेला. जीवरामनाना म्हणाले, गावाला भाडं मिळेल, चार पोरांना काम मिळेल, कोणाची हरकत? ग्रामसेवकाने विचारलं, "मंडळातर्फे कोण बोलणार? नाव सांगा."

"कुंदाबाई तोताराम चौधरी," लताची आई म्हणाली आणि उभी राहिली.

पदर खोचला. कानबाईच्या गाण्याला लावते तोच आवाज.

"नाना, तुमच्या घरचा रस्ता टाकीवरूनच जाते. सहा मयन्याआधी तुमी तिथून कसे जायचे ते सभेले सांगा. मी सांगू? नाक दाबून. गेल्या साली निम्म्या गावाले हिवताप आला, डास कुठून आले? तवा ती जागा कोनाच्याच डोयात भरली नई. आमी बायांनी डुकरं हाकलली, काचा येचल्या, हात कापून घेतले. आता हिरवं झालं, तं म्हनता लेखी हक्क कुठी हाये. लेखी आमच्यापाशी काई नई. पन गावात असं एक घर दाखवा, जिथी आमचं वांगं गेलं नई."

 रुपचंदभाऊ उठले आणि नरमाईने म्हणाले की बायांचा मान आहेच, वांगी दुसरीकडेही लावता येतील, आणि शेडवर देखरेखीला तोतारामभाऊंसारखा जबाबदार माणूस तयार आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुंदाने पाहिलं नाही. ती समोर बघत होती.

मी उभा राहिलो. टोपी नीट केली. 

म्हणालो, "मी तयार नाही. जन्मभर गाडी चालवली. टाकीच्या वळणावर ट्रक मागे घ्यायचा तर शाळेचं फाटक पाठीशी येतं. मी तिथे गाडी घेणार नाही आणि दुसऱ्यालाही घे म्हणणार नाही. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी उद्या चार वाजता तिथे उभं राहून बघावं." मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं तेही बोललो. "कागद नाही हे मीच भाऊंना सांगितलं होतं. आता तो कागद करून द्यावा, अशी माझी सभेला विनंती आहे."

कुजबुज सुरू झाली. रुपचंदभाऊ पुन्हा काही बोलणार, तोच मधून सुंदरबाईंचा आवाज आला.

"रुपचंद, खाली बैस. दोन टाइम भरीत खातो, ते कुठलं हाये ते सांग आधी सभेले."

सभा एवढी हसली की जीवरामनानांना टेबल वाजवावं लागलं. रुपचंदभाऊही हसले, दुसरं काय करणार? बसले. ठराव झाला, टाकीमागची जागा महिला मंडळाकडे राहील, आणि शेडसाठी यावल रस्त्याची पंचायतीची पडीक जागा पाहावी. ग्रामसेवकाने वाचून दाखवलं. भागाबाईने ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

घरी येताना कुंदा पुढे बायांमध्ये होती, मी मागे. दाराशी थांबून म्हणाली, "तुमाले खुर्ची मियाली असती."

मी म्हणालो, "बाज आहे."

१२ डिसेंबर

चंपाषष्ठी. मंडळाने सगळ्या गावाला भरीत घातलं.

पहाटेपासून टाकीखाली धूर. रुपचंदभाऊंनी कापसाच्या पऱ्हाट्यांची गाडी भरून पाठवली आणि मागून स्वतः आले. कोणी मागितली नव्हती. वांगी पऱ्हाट्यांच्या जाळात काळी ठिक्कर होईपर्यंत भाजली, मग सोलली. कुटायचं काम माझ्याकडे आलं. लाकडाच्या बडगीत मिरची, लसूण आणि वर गरम वांगं. खांदे भरून आले. कुंदा मध्येच येऊन बडगीत बोट घालून चाखायची आणि "आजून" म्हणून निघून जायची. तिच्या "आजून"ने मला दुपारपर्यंत कुटत ठेवलं.

केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात. पंगतीमागून पंगत उठली. सुंदरबाईंनी रुपचंदभाऊंना स्वतः वाढलं, आणि वाढताना जे काय बोलल्या ते ऐकून ते मान खाली घालून जेवले.

शेवटच्या पंगतीला आम्ही बसलो. भरीत संपत आलं होतं, बडगी पुसून वाढावं लागलं. यापेक्षा चांगलं भरीत मी कधी खाल्लेलं नाही. कुंदाला तसं सांगितलं. म्हणाली, "मीठ जास्त झालं." झालं होतं थोडं.

२० जानेवारी १९९२

काल भडगावला महिला मंडळांचा मेळावा होता. टाकीखालच्या बागेबद्दल बोलायला कुंदाला बोलावणं आलं होतं. एकटी कशी जाणार म्हणून मी सोबत गेलो. असं मला वाटत होतं. तिकीट काढताना कळलं, भागाबाई यायला तयार होती, कुंदानेच तिला थांबवलं. का, ते मी विचारलं नाही.

गिरणेकाठी शाळेच्या मैदानात मांडव होता. ती माइकपुढे उभी राहून अर्धा तास बोलली. मी शेवटच्या रांगेत, इतर यजमानांबरोबर. एका गृहस्थांनी चहा देताना विचारलं, "आपण काय करता?"

एसटीत ड्रायव्हर होतो, हे तोंडावर आलं होतं. म्हणालो, "त्या बोलत आहेत ना, त्यांच्यासोबत आलोय."

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीची जागा मिळाली. ती दमली होती. पाचोरा सोडलं आणि खिडकीच्या दांडीला डोकं टेकून तिला झोप लागली. ड्रायव्हर नवखा होता, खड्डा अगदी जवळ आल्यावर ब्रेक मारायचा. मला रस्ता पाठ आहे. कुठे मोरी, कुठे उखडलेलं डांबर, कुठे बैलगाड्या आडव्या येतात. मी तिच्या कपाळाच्या आणि दांडीच्या मध्ये हात धरला. धक्का येण्याआधी हात घट्ट करायचा, रस्ता नीट असला की सैल.

जळगाव येईपर्यंत हाताला मुंग्या आल्या. ती एकदाही जागी झाली नाही.